मधले ३० मार्क



गेले काही दिवस ग्रुपवर सगळ्यांच्या आठवणी वाचतेय. कुणी तापी लाईनच्या पॅसेंजरबद्दल लिहिलं, कुणी महापालिकेच्या मराठी शाळेबद्दल, कुणी २००६ च्या पुराबद्दल. मी आजवर फक्त वाचत आणि अंगठे देत आले. परवा कपाट आवरताना आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, दवाखान्याची फाईल हाती आली आणि तिच्यातून एक कागद निघाला. त्या कागदाबद्दल लिहिते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव नंदुरबारकडचं. नाना, माझे सासरे, १९८२ साली सुरतला आले आणि पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये लागले. वर्षभराने आई आल्या. लिंबायतला एका खोलीत संसार सुरू झाला. आई घरी बसून साड्यांचं काम करायच्या. लेस लावणं, टिकल्या चिकटवणं, धागे कापणं. त्यातून दोन मुलांची शिक्षणं निघाली. २००६ ला घरात पाणी शिरलं तेव्हा आईंनी गव्हाची कोठी रिकामी करून एकेक पिशवी डोक्यावरून वरच्या मजल्यावर नेली होती. मी तेव्हा नवी नवरी होते, नुसती बघत उभी होते. अशी ती बाई.

डिसेंबर २०१७. पोंकाचे दिवस होते. सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला. मला वाटलं, चटका बसला असेल. वर पाहिलं तर तोंड वाकडं झालेलं. लकवा. लगेच दवाखान्यात नेलं, जीव वाचला, १२ दिवसांनी घरी आणलं. सुट्टी देताना गोळ्यांची यादी समजावून सांगितली, पुढची तारीख दिली. पण घरी गेल्यावर या बाईने उठायचं कसं, जेवायचं कसं, अंघोळीला बसायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही.

मग आम्ही आम्हाला येत होतं तेच केलं. म्हणजे सगळंच केलं. मी त्यांना चमच्याने भरवायची. दात घासून द्यायची, वेणी घालायची, गाऊन बदलायची. ह्यांनी चाकांची खुर्ची भाड्याने आणली. रात्री कुणाला जाग येणार नाही म्हणून डायपर लावायला लागलो. शेजारच्या गुजराती मावशी रोज डोकावायच्या, ‘हवे केम छे?’ विचारायच्या आणि जाताना म्हणायच्या, अशी सून नशिबाने मिळते. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

फिजिओथेरपीवाले दादा आठवड्यातून तीनदा येत. हात-पाय हलवून घेत. त्यांनीच सुचवलं की एकदा ऑक्युपेशनल थेरपीवाल्या मॅडमना बोलवा. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मराठीत म्हणे त्याला व्यवसायोपचार म्हणतात. मला वाटलं, ६६ वर्षांच्या बाईला आता कुठला व्यवसाय शिकवणार?

मॅडम मराठीच निघाल्या. मुंबईत शिकलेल्या, लग्न होऊन सुरतला आलेल्या. आल्या त्या दिवशी त्यांनी ना हात तपासला ना पाय. पिशवीतून एक कागद काढला आणि आईंना विचारलं, ‘काकू, जेवण कसं करता?’

मी म्हटलं, ‘मीच भरवते.’

‘केस कोण विंचरतं?’

‘मीच.’

‘संडासला?’

‘मी नेते ना. खाली बसता येत नाही, म्हणून खुर्ची-कमोड आणलाय.’

तिसऱ्या-चौथ्या उत्तराला मॅडम हसून म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही जरा पाणी आणता का माझ्यासाठी?’ मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मला बाहेर काढलंय.

पाणी घेऊन आले तर आई कधी नव्हे ते बोलत होत्या. जीभ जड होती, शब्द घसरत होते, पण बोलत होत्या.

तो कागद म्हणजे बार्थेल इंडेक्स. नाव मोठं वाटतं, पण आहे अगदी घरगुती. अमेरिकेत मेरीलँड राज्यात फ्लोरेन्स महोनी नावाच्या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल नावाच्या फिजिओथेरपिस्ट, अशा दोघा बायकांनी तो तयार केला आणि १९६५ साली छापला. अजून जगभर वापरतात. त्यात १० गोष्टी विचारतात. जेवण, अंघोळ, तोंड-दात-केस, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, चालणं आणि जिना. सगळे मिळून १०० मार्क. पलंगावरून उठणं आणि चालणं याला १५-१५, अंघोळीला आणि दात-केसांना फक्त ५-५, बाकीच्यांना १०-१०.

मॅडमनी बेरीज करून दाखवली. आईंना १०० पैकी ३० मिळाले.

माझ्या पोटात खड्डा पडला. महिनाभर रात्रीचा दिवस करतेय आणि ३०? मग मॅडमनी कागदाच्या कडेला पेन्सिलीने आणखी एक रकाना आखला. म्हणाल्या, ‘हा फॉर्ममध्ये नसतो. मी माझ्यासाठी काढते.’ आणि आईंना एकेक गोष्ट करायला लावली. चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड केला आणि उजव्या हातात दिला. दह्याची वाटी पुढे ठेवली. अर्धं दही पदरावर सांडलं, पण अर्धं तोंडात गेलं. डाव्या हाताने कंगवा फिरवला. दातही घासले. गाऊनची एक बाही स्वतः घातली. मॅडमच्या खांद्याला धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. हो, चालल्या! आम्ही त्यांना खुर्चीतून ढकलत होतो. आणि डायपरचं विचारल्यावर आई खाली मान घालून म्हणाल्या, ‘कळतं ना मला. पण रात्री हाक कशी मारू? दिवसभर राबते ही.’

पेन्सिलीच्या रकान्याची बेरीज ६० झाली.

मॅडम मला म्हणाल्या, ‘ताई, या फॉर्मचा एक नियम आहे. माणूस काय करू शकतो ते लिहायचं नाही, रोज काय करतो ते लिहायचं. काकू ६० च्या आहेत, पण जगतायत ३० वर.’

मधले ३० कुठे गेले, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. ते माझ्याकडे होते.

त्या रात्री झोप आली नाही. राग मॅडमचा येत होता. बाहेरची बाई येऊन अर्ध्या तासात माझ्या सेवेची बेरीज करून गेली. ह्यांना म्हटलं, पुन्हा बोलवायचं नाही. हे काहीच बोलले नाहीत. पहाटे आईंना आवाज न देता तशीच उठून बसले आणि पाहिलं तर त्या जाग्याच होत्या, छताकडे बघत. किती रात्री अशा काढल्या असतील?

मॅडमना पुन्हा बोलावलं.

दुसऱ्या भेटीत वेगळा कागद होता. तो कॅनडाचा, १९९१ सालचा. त्यात मार्क देणारी मॅडम नव्हे, आईच. तुम्हाला काय करायचंय, ते किती महत्त्वाचं वाटतं, सध्या किती जमतं आणि त्याने तुमचं किती समाधान आहे, यावर १० पैकी आपले आपण मार्क द्यायचे. आम्हाला वाटलं, आई म्हणतील, चालायचंय. आईंनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, संडासला जाताना सुनेला हाक मारायला लागू नये. दोन, साडी आपली आपण नेसायची, हा गाऊन नको. तीन, श्रावणात कानबाईच्या रोटाचे गहू आपल्या मुठीने मोजायचे.

खानदेशी मंडळींना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. कानबाई म्हणजे आमची श्रावणातली देवी. रविवारी बसते, रात्रभर गाणी होतात, सोमवारी विसर्जन. आमच्या घरी रोटासाठी माणशी सव्वा मूठ गहू मोजतात आणि तो मान घरातल्या मोठ्या बाईचा. सुरतला आल्यापासून त्या मुठीत खंड पडला नव्हता. पुराच्या वर्षीसुद्धा नाही.

महत्त्व किती? १०. आज किती जमतं? आईंनी उजवी मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं निम्मी मिटली. ‘एक,’ त्या म्हणाल्या.

मग कामाला लागलो. बाथरूममध्ये भिंतीला दांडा बसवला, बसून अंघोळ करायला प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. बादली खाली न ठेवता पाटावर उंच ठेवली, म्हणजे वाकायला नको. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये तांब्या, पाट, नऊवारी किंवा सहावारी यातलं काही नाही, ते मॅडमनी आपल्या हाताने समासात लिहिलं होतं. तांब्या भरलेला उचलता येतो का, निऱ्या घालता येतात का, जमिनीवरून उठता येतं का. हाताच्या व्यायामाला त्यांनी चेंडू किंवा खुंट्या दिल्या नाहीत. कोपऱ्यातला टिकल्यांचा डबा बघितला आणि तोच पुढ्यात ठेवला. चिमटीने एकेक टिकली उचलायची आणि कापडावर ठेवायची. पहिल्या दिवशी १५ मिनिटांत ४ ठेवल्या. पण ३५ वर्षांची ओळख होती त्या बोटांची. महिन्याभरात नक्षी जमायला लागली.

मला दिलेलं काम सगळ्यात अवघड होतं. हात मागे बांधून उभं राहायचं. आईंना ब्लाऊज घालायला २० मिनिटं लागायची, मी दोन मिनिटांत घातला असता. मॅडम म्हणायच्या, ‘काठी घेतली, पट्टा लावला, जाड चमचा वापरला, तर मार्क कापत नाहीत. पण माणूस शेजारी उभा ठेवायला लागला तर कापतात.’ म्हणजे वस्तूचा आधार चालतो, माझा नाही!

सगळं सरळ झालं असं नाही. एप्रिलमध्ये आई एकट्याच उठल्या आणि पायपुसण्यावरून घसरून बाथरूमच्या दारात बसल्या. हाड मोडलं नाही, पण ह्यांचा संयम सुटला. ‘बंद करा हे प्रयोग. मार्कांसाठी आई गमवायची का?’ दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. माझंही काळीज हललं होतं. आजही सांगता येत नाही की ते चूक होते. मॅडम आल्या, पायपुसणं काढायला लावलं, रात्री छोटा दिवा चालू ठेवायला सांगितला आणि म्हणाल्या, पडायची भीती दोन्हीकडे आहे. झोपवून ठेवलेला माणूस हळूहळू पडतो, म्हणून दिसत नाही.

मे महिन्यात नणंद आल्या, नंदुरबारहून सकाळच्या गाडीने. दारात पाऊल ठेवलं तर समोर आई लसूण सोलत बसलेल्या. थोड्या वेळाने आई काठी घेऊन संडासकडे निघाल्या, मी चार पावलं मागे, हात न लावता. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. ‘अगं, माझ्या आजारी आईला कामाला लावलंस? आणि वर मागे नुसती उभी राहतेस?’

हेच वाक्य ऐकायला लागेल म्हणून तर मी सहा महिने घाबरत होते. लकव्याच्या सासूला सून लसूण सोलायला लावते, हे नंदुरबारपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो! मला एक शब्द सुचला नाही. आतून आईंचा आवाज आला, जड, पण स्पष्ट. ‘मन्हं मी करसू. तिले बोलू नको.’

ताई रडल्या. त्यांना पटलं असं नाही म्हणणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईंना आपल्या हाताने भरवलंच, आणि आईंनीही गुपचूप खाल्लं. लेकीच्या हातचं होतं ते. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘एखाद्या दिवशी खाऊ दे. रोज नको.’

एका भेटीत मॅडम चहाला थांबल्या होत्या. तेव्हा त्यांनी कमलाबाई निंबकरांबद्दल सांगितलं. ह्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या आणि कमला झाल्या. भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा त्यांनी १९५० साली मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये सुरू केली. १९५२ मध्ये देशभरच्या थेरपिस्टांची संघटना झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. फलटणच्या शाळेला ज्यांचं नाव आहे त्या कमला निंबकर ह्याच, हे मला तेव्हा कळलं. आपल्याच माणसांत घडलेली गोष्ट, आणि मला हा शब्दसुद्धा माहीत नव्हता.

आता गंमत सांगते. जूनमध्ये मॅडमनी तिसरा फॉर्म काढला. हा लॉटन आणि ब्रॉडी यांचा, १९६९ सालचा. यात अंघोळ-जेवण नाही, संसाराच्या गोष्टी आहेत. फोन, बाजार, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचा हिशेब. आठ गोष्टींना आठ मार्क. मॅडम म्हणाल्या, पूर्वी बायकांना आठपैकी आणि पुरुषांना पाचपैकीच मार्क देत. स्वयंपाक, घरकाम आणि धुणं पुरुषांना विचारतच नसत. नाना पेपर वाचत होते, त्यांनी मान डोलावली. ‘बरोबर आहे.’

मॅडम मिश्किल. म्हणाल्या, ‘नाना, तुमचाही भरू या? आठपैकी.’

नानांना फोन १, बाजार १, प्रवास १, पैसे १. औषधांना मात्र अडले. बीपीची गोळी कुठली, साखरेची कुठली, त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं आई हातावर ठेवायच्या आणि ते गिळायचे. म्हणजे नाना ४. मग आईंचा भरला. फोन १, पैसे १, घरातली हलकी कामं १ आणि औषधं १, स्वतःच्या आणि नानांच्याही गोळ्या रंगावरून तोंडपाठ. आई ४.

लकवा एकाला झाला होता आणि मार्क दोघांना सारखे!

आम्ही हसलो. नाना नाही हसले. पेपर घडी करून गॅलरीत जाऊन बसले. मला वाटलं, रागावले. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात खुडबूड ऐकू आली. जाऊन पाहते तर ७२ वर्षांचे नाना गॅससमोर, हातात साखरेचा डबा. आई दारात काठीवर उभ्या राहून सांगतायत, ‘आधी पाणी. मग साखर. दूध आत्ताच नको.’ चहा अतिशय वाईट झाला होता. आईंनी सगळा प्यायला.

श्रावण आला. कानबाईच्या आदल्या दिवशी मॅडमनी पुन्हा पहिला फॉर्म भरला. ८५. निऱ्या मी धरत होते, जिन्यावर आणि बाहेर चालताना कुणीतरी सोबत लागत होतं, बाकी आई आपल्या आपण. मग गव्हाची परात आणली. आईंनी साडी नेसलेली. उजवा हात गव्हात घातला, बोटं वळली, मूठ वर आली आणि अर्धे गहू निसटून खाली पडले. ह्यांनी हळूच म्हटलं, ‘आई, डाव्या हाताने घे ना.’ आईंनी नुसतं बघितलं. देवीच्या कामाला डावा हात? मग पुन्हा उजवी मूठ भरली. जेवढे राहिले तेवढे टाकले. पुन्हा भरली. एका माणसाच्या सव्वा मुठीला तीन-तीन मुठी लागल्या. घरात सहा माणसं. पाऊण तास गेला. कुणी मदत केली नाही. मी पदराने डोळे पुसत होते, पण हात मागेच ठेवले होते.

कॅनडाच्या कागदावर आईंनी मग मार्क दिले. किती जमलं? ५. समाधान? १०.

फाईलमधून निघाला तो हाच कागद. त्यातला १० चा आकडा आईंनी स्वतः काढलाय, उजव्या हाताने, शून्य नीट मिटलेलं नाही.

आई २०२२ मध्ये गेल्या, दुसऱ्या झटक्यात. मधली चार वर्षं त्या आपल्या हाताने जेवल्या, साडी नेसल्या आणि चार कानबायांचे गहू मोजले. आता मूठ माझ्याकडे आलीय. नाना सकाळचा चहा स्वतः करतात, माझ्यासाठीही ठेवतात. आता चांगला होतो. त्यांच्या गोळ्यांचा डबा त्यांच्याच उशाशी असतो. मी विचारत नाही, फक्त रात्री झाकण उघडून बघते.

तुमच्या घरी कुणी म्हातारं, आजारी असेल तर एवढंच विचारते. ते काय काय करू शकतात आणि रोज काय काय करतात, हे एकदा कागदावर लिहून बघा. उत्तर मात्र त्यांनाच देऊ द्या. आणि जमलं तर घरातल्या धडधाकट पुरुषांचाही कागद भरा. काय निघतं ते इथे कळवा, वाट बघते.